घसरगुंडीच्या तीन फळ्या

"हे लाकूड? ह्याला लाकूड म्हणायचं? अगं, ह्याच्यापेक्षा वाळलेला पाव बरा. पाव निदान चहात तरी बुडवता येतो."

"मग तेव्हाच नाही म्हणायचं होतं व्याह्यांना. तिथं तर बैलासारखी मान हलवलीत."

"तिथं त्यानं लाकूड कुठं दाखवलं? मोबाईलमधला फोटो दाखवला. फोटोत काय, सगळंच गोरंगोमटं दिसतं."

"माझाही फोटोच बघितला होतात तुम्ही."

"म्हणून तर सांगतोय. अनुभवाचे बोल आहेत."

बायकोनं चहाचा कप ठोकळ्यावर आपटला, अर्धा सांडला, आणि ती तरातरा निघून गेली. मिस्त्रीनं उरलेल्या चहात डोकावून बघितलं. वर भुसा तरंगत होता. पाईनचा भुसा. त्यानं तोंड वाकडं केलं आणि चहा खिडकीतून बाहेर भिरकावला.

मिस्त्रीचा कारखाना म्हणजे घराला चिकटून काढलेली एक पत्र्याची खोली. तिच्या भिंतीला त्या पाच फळ्या टेकून उभ्या होत्या. पांढरट-पिवळ्या, पुरुषभर उंचीच्या, दोन्ही अंगांनी मशीनवर तासून आलेल्या, नुकतीच दाढी केल्यासारख्या. मिस्त्रीनं उभ्या आयुष्यात हे लाकूड फक्त खोक्यांना लागलेलं पाहिलं होतं. यंत्रं ज्यातून येतात ती खोकी. खोकं फोडायचं, यंत्र काढून घ्यायचं आणि लाकूड चुलीत सारायचं, एवढीच त्याची लायकी. आता त्याच लाकडाची घसरगुंडी करायची होती, व्याह्याच्या परसात, नातीसाठी. नात म्हणजे मुलीची मुलगी. पायाला चाकं असल्यासारखी दिवसभर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. चौथ्या दिवशी तिला सहा वर्षं पुरी होणार होती.

मिस्त्रीला तोंडावर सगळे मिस्त्री म्हणत आणि पाठीमागं खवट. त्याला ते ठाऊक होतं आणि मान्यही होतं. तेल जुनं झालं की खवट होतंच, तो म्हणायचा, पण बिजागरीला तेच लावतात.

लहानपणापासून त्याला किळस फार. बाप खेड्यातला सुतार. गाडीची चाकं, गुरांच्या गव्हाणी, दारांच्या चौकटी करणारा. बापानं पहिली दोन वर्षं पोराला रंध्याला हात लावू दिला नाही. फळी पुढं टाकायचा, म्हणायचा डोळे मीट आणि हात फिरव. लाकडाची नस कुठल्या अंगाला झोपलीय ते सांग. मांजराला डोक्याकडून शेपटीकडं कुरवाळलं तर लव झोपते, उलटं कुरवाळलं तर उभी राहते; लाकडाचं तसंच. पोरगं चुकलं की बाप ओरडायचा नाही, मारायचा नाही. तोंडातलं पाणी बाजूला पचकन थुंकायचा, एवढंच. मिस्त्रीनं बापाकडनं कसब घेतलं आणि ती थुंकीही घेतली.

पुढं शहरात आल्यावर थुंकण्यासारखं जिकडंतिकडं होतं. एका शाळेची चारशे बाकं दुरुस्त करायला घेतली, तर प्रत्येक बाकाच्या पोटाला चघळलेली चिकट गोळी, कुणाची गुलाबी, कुणाची हिरवी, आणि काही अजून ओली. एका वकिलाचं कपाट उघडलं तर मागच्या फळीत उंदरांचं बाळंतपण चाललेलं, वकिलाच्याच कागदांवर. हे सगळं त्यानं सोसलं. पण मग दाबलेल्या भुशाचं फर्निचर आलं. भुसा आणि खळ एकत्र दाबायची, वर लाकडाचा फोटो चिकटवायचा आणि त्याला टेबल म्हणायचं. हे मात्र त्याच्या घशाखाली कधी उतरलं नाही. "ओकारीवर इस्त्री फिरवलीय," एवढं बोलून तो गप्प व्हायचा.

आणि नेमकी त्याच्या पोरीनं पसंत केला तो असल्या फर्निचरच्या शोरूमवाल्याचा पोरगा.

व्याही माणूस वाईट नव्हता. तोच तर वैताग होता. गोल, गुलगुलीत, सदा हसरा. बोलणं असं की गुळात घोळलेलं. दर दहा मिनिटांनी खिशातून वासाचा ओला कागद काढायचा आणि बोटं एकेक करून पुसायचा. पुसून झालं की तोच हात प्रेमानं मिस्त्रीच्या खांद्यावर ठेवायचा. घरी येऊन आंघोळ केली तरी मिस्त्रीच्या सदऱ्याला तो वास राहायचा. लग्नात व्याह्यानं पोरापोरीला आपल्याच शोरूममधला पलंग दिला. सहा महिन्यांत पलंगाचा पाय मोडला. ही बातमी ऐकली तेव्हा पोरीला लागलं का, हे विचारायच्या आधी मिस्त्रीला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची त्याला इतकी किळस आली की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तेव्हापासून त्यानं त्या घरात तोंड उघडलं की काहीतरी फुटायचं. सासरा हसून घ्यायचा, सासू मात्र पोरीला आठ दिवस ऐकवायची. म्हणून घसरगुंडीचं ठरलं तेव्हा पोरीनं बापाला दारातच अडवलं होतं.

"बाबा, काम करा. हात चालवा. तोंड चालवू नका. तुम्ही बोलून घरी जाता, मला इथंच राहायचं असतं."

"मी काय वेडा आहे बोलायला?"

"वेडे नाही. खवट आहात."

पोटची पोर असं बोलली. मिस्त्रीला कौतुकच वाटलं. पण त्यानं शब्द दिला.

तर आता त्या फळ्या. मिस्त्रीनं पाचही फळ्यांच्या एका अंगावर हातानं रंधा मारला, डोळे मिटून तळहात फिरवला, आणि प्रत्येक फळीच्या कडेला पेन्सिलीनं बाण काढला. बाणाचं टोक जिकडं, तिकडं नस झोपलेली. घसरगुंडीला हा बाण म्हणजे जीव. पोर वरून खाली येतं, तेव्हा नस त्याच्याबरोबर खाली उतरली पाहिजे. उलटी बसली की दवानं, उन्हानं तिचे रेषे उठतात, आणि घसरणाऱ्या पोराच्या मांडीत कुसळ असं शिरतं की सुईनं उकरून काढावं लागतं. चाळीस वर्षांत मिस्त्रीच्या कामाचं कुसळ कुणा पोराला लागलेलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर तो आरशात स्वतःच्या तोंडाकडं न थुंकता बघू शकायचा.

बाण काढून झाल्यावर त्यानं फळ्या शेजारी शेजारी मांडल्या आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. मधल्या तीन फळ्यांवर काळ्या गाठी होत्या. एका गाठीतून चीक आला होता, पिवळा आणि तारा सुटणारा. पिकलेल्या डोळ्यासारखी ती गाठ त्याच्याकडं बघत होती.

"शी!" मिस्त्री म्हणाला. "ह्याच्यावर माझी नात बसणार?"

त्यानं त्या तिन्ही फळ्या पालथ्या घातल्या. गाठी खाली, कोरं अंग वर. ते अंग मशीननं गुळगुळीत होतंच. मग पाचही फळ्यांचं वरचं टोक तिरकं कापलं, खालचं टोक पोरांच्या पायांसाठी गोल केलं. बोटाला चिकटलेला चीक निघता निघत नव्हता, त्यामुळं त्या लाकडाला पुन्हा हात लावायचीही त्याला शिसारी आली. वरच्यावर पॉलिश पेपर मारला, फळ्या गोणपाटात गुंडाळल्या आणि तो रॉकेलनं बोटं धुवायला गेला.

पहिल्या दिवशी त्यानं व्याह्याच्या परसात खांब पुरले, शिडी उभी केली, वरचा माचा बांधला आणि फळ्या ज्यांच्यावर बसणार ते आडवे दांडे ठोकले. तोंडातून अक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर शिडीखालची माती गायब. तिथं हिरवंगार प्लॅस्टिकचं गवत अंथरलेलं, आणि व्याही त्यावर अनवाणी उभा राहून पायाची बोटं हलवतोय.

"कसं वाटतंय व्याहीबुवा? थीम केलीय. जंगल! उद्या पेंटर येणार, घसरगुंडीवर वाघाचे पट्टे काढायचे."

मिस्त्रीनं ते गवत बघितलं. एका पात्यावर कुणाच्या तरी चपलेचं शेण होतं, आणि ते शेणसुद्धा त्या गवतापेक्षा खरं दिसत होतं. दिलेला शब्द दातात धरून तो शोरूमच्या फिटरकडं वळला. मिशाळ, पन्नाशीचा, चार शब्दांच्या जागी दोन वापरणारा माणूस.

"स्क्रू खालून मारायचे. वरून एकाचंही डोकं दिसता कामा नये. बाणाचं टोक खाली. समजलं?"

"टोक खाली," फिटर म्हणाला.

"मला जरा बरं वाटत नाही," मिस्त्री म्हणाला आणि घरी निघून आला. ते खोटं नव्हतं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच पोरीचा फोन. या, एकदा बघून जा, चारला पोरं येणार आहेत. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन गेला. घसरगुंडी उभी होती. पेंटर अजून उगवला नव्हता, तेवढीच कृपा. लाकडावर रात्रीचं दव पडून वाळलं होतं. व्याही, पोरगी, फिटर असे सगळे कौतुकानं उभे. भिंगरी तेवढी न्हाणीघरात होती, केस धुवायला धरलेली. आतून तिचा आरडाओरडा ऐकू येत होता.

मिस्त्रीनं पिशवीतून कापसाचा गोळा काढला.

"हे काय, गादी भरताय की काय?" व्याही हसला.

मिस्त्री माच्यावर चढला आणि कापूस फळीवर ठेवून वरून खाली ओढत आणला. कडेची फळी: कापूस जसाच्या तसा. दुसऱ्या कडेची: तशीच. मधली पहिली फळी. कापूस मधेच अडला, फाटला, आणि फळीवर पांढरी दाढी उगवली. दुसरी, तिसरी, तीच गत. वाऱ्यानं ते पुंजके भुरभुरत होते.

मिस्त्रीचं तोंड उघडलं. दोन दिवस तुंबलेली मोरी फुटावी तसं सगळं बाहेर आलं. हे लाकूड, हे गवत, हे वाघाचे पट्टे, भुशाची टेबलं, मोडका पलंग, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही, आणि शेवटी गडी फिटरवर आला.

"एक गोष्ट सांगितली होती. एक! बाणाचं टोक खाली. तेवढंही जमत नाही? हातात ते घुर्र घुर्र करणारं मशीन आलं म्हणजे सुतार झालास? पोरीच्या मांडीत कुसळं घुसली असती, भाड्या!"

"बाबा!" पोरगी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आता आठ दिवस नव्हे, आठ महिने.

पण व्याही चिडला नाही. तो मिस्त्रीचीच बाजू घेऊन फिटरकडं फिरला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यातला गूळ संपला. "माझ्या नातीचं काम होतं हे. साधं सांगितलेलं कळत नाही? उद्यापासून येऊ नकोस."

फिटर उताणा होऊन घसरगुंडीखाली सरकला. घुर्र, घुर्र, घुर्र. मधली फळी सुटली. ती उचलून त्यानं मिस्त्रीपुढं कड वर करून धरली.

"बाण," तो म्हणाला. "टोक खाली."

बाण होता. टोक खालीच होतं. पेन्सिल मिस्त्रीची, बाणाला शेपटीशी दोन रेघा मारायची खोडही त्याचीच.

"बाणबिण ठेव बाजूला," व्याही म्हणाला. "मिस्त्री उलटी म्हणतात तर उलटीच. चाळीस वर्षं काढलीत त्यांनी."

मिस्त्रीनं फळी हातात घेतली आणि पालथी केली. पोटाशी ती गाठ होती, पिवळ्या चिकाची. फळीच्या एका अंगाला नस जिकडं झोपते, दुसऱ्या अंगाला बरोबर त्याच्या उलट. हे बापानं त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. फळी पालथी घातली की बाण पुसायचा आणि उलटा काढायचा. त्यानं पालथी घातली आणि बोटं धुवायला गेला. चिकाची घाण वाटली म्हणून.

ह्या परसात ते कुणालाच कळणार नव्हतं. व्याह्याला बाण कळत नव्हता, पोरीनं रंधा कधी धरला नव्हता. फिटरला कळलं असावं. तो मिशीवर बोट ठेवून गप्प उभा होता, सांगून उपयोग नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखा. मिस्त्रीनं नुसतं गप्प बसायचं होतं. व्याह्यानं त्याची बाजू घेतलेलीच होती. त्या बाजूला उभं राहिलं की तो वासाचा ओला कागद आपल्या तोंडावरून फिरतोय असं त्याला वाटायला लागलं. तोंडात पाणी सुटलं. पण थुंकायचं कुणावर?

"त्याची चूक नाही," मिस्त्री म्हणाला.

"अहो, तुम्ही कशाला सांभाळून घेताय त्याला?"

"सांभाळून घेत नाही. फळ्या मी पालथ्या घातल्या आणि बाण बदलला नाही. चूक माझी आहे. हा म्हणतो ते बरोबर, मी म्हणालो ते खोटं. ह्याला कामावरून काढायचं कारण नाही."

एरंडेल तेलाचा घोट घशातून परत वर यावा, तसं ते एकेक वाक्य वर आलं. न्हाणीघरातला आरडाओरडाही नेमका तेव्हाच थांबला. मग व्याही हसला, पहिल्यासारखा, गोल. खिशातून कागद काढला, बोटं पुसली, आणि हात मिस्त्रीच्या खांद्यावर ठेवला.

"असू द्या हो व्याहीबुवा. वय झालं की होतं. टेन्शन घेऊ नका. दुकानात प्लॅस्टिकचा पत्रा पडलाय, चकचकीत, वरून चिकटवून टाकू. अर्ध्या तासात काम. चारला पोरं येतायत, लोकं येतायत."

"पत्रा उन्हात तापतो. पोरीचं ढुंगण भाजेल."

"मग सावली करू."

"व्याहीबुवा," मिस्त्री म्हणाला. ह्या माणसाकडं त्यानं आजवर काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. "मला सहापर्यंत वेळ द्या. ह्या तीन फळ्या टोकाला टोक बदलून फिरवायच्या. त्यांची दोन्ही टोकं कापून पुन्हा घडवावी लागतील, म्हणजे पाचही आखूड कराव्या लागतील. घसरगुंडी वीतभर तोकडी होईल. पण लागायची नाही."

"सहा? आणि लोकांना काय सांगू?"

"सांगा, मिस्त्री चुकला."

व्याह्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मिस्त्रीला स्वच्छ दिसली. वाईट माणूस नव्हता तो, पण माणूस होता. पुढची दहा वर्षं हा किस्सा शोरूममध्ये गिऱ्हाइकांना चहाबरोबर मिळणार, मिस्त्रीनं मनाशी हिशेब केला.

"बरं बरं, घ्या सहापर्यंत," व्याही म्हणाला. "सांगतो मी सगळ्यांना." आणि सांगायला म्हणून लगेच आत गेलासुद्धा.

पोरगी मागं थांबली. बापाकडं बघत राहिली.

"काय बघतेस? तोंड उघडलं मी. आता ऐक आठ दिवस."

"तुमच्या तोंडातून हे मी पहिल्यांदा ऐकलं," ती म्हणाली. "सासूबाईंना काय बोलावं तेच सुचायचं नाही." आणि तिनं त्याच्या हातातला कापूस काढून घेतला, कारण तो त्याच्याच घामानं लगदा झाला होता.

मिस्त्री फिटरकडं वळला. माफी कशी मागतात ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "तुला भाड्या म्हणालो," तो म्हणाला.

"ऐकलं."

"तू मला म्हण एकदा. फिटंफाट."

फिटरनं विचार केला. "फळ्या झाल्यावर म्हणतो," तो म्हणाला आणि उरलेले स्क्रू काढायला खाली सरकला.

चार वाजता पोरं आली. तोंडाला केक फासलेली, गवतावर लोळणारी, नाकाचा शेंबूड एकमेकांच्या नव्या कपड्यांना पुसणारी. एकानं येऊन रंध्याच्या छिलक्यांत चक्क ओकारी केली. मिस्त्रीनं त्याच्याकडं बघितलं, छिलके पायानं सारून त्यावर ओढले आणि करवत पुन्हा धरली. घसरगुंडी अर्धी उघडी होती, दोन फळ्या बसल्या होत्या, एक ठोकळ्यावर होती, दोन अजून बाकी होत्या.

भिंगरी धुतलेले केस मोकळे सोडून कडेला येऊन उभी राहिली.

"आजोबा, ते आजोबा सगळ्यांना सांगतायत तुम्ही चुकलात म्हणून."

"खरं सांगतायत."

"मग तुम्हाला शिक्षा?"

"ही काय चाललीय."

"किती वेळ आहे अजून?"

"भरपूर. जा, केक खा. आणि माझ्यासाठी आणू नकोस, मला बघवत नाही तो."

ती गिरकी घेऊन गेली. मिस्त्रीनं फळीचं टोक गोल केलं, डोळे मिटून तळहात वरून खाली फिरवला, मग खालून वर. कडेवरचा जुना बाण रंध्याच्या एका फटक्यात उडवला, नवा काढला, आणि शेपटीशी दोन रेघा मारल्या. हाताला पुन्हा चीक लागला होता. तो त्यानं विजारीला पुसला.

"धर रे," तो फिटरला म्हणाला, आणि फळीचं दुसरं टोक उचललं.